डावं फूल

माणसं देवराईतली काडीसुद्धा देवीला विचारल्याशिवाय उचलत नसत, तेव्हाची ही गोष्ट. देवीला मोठं देऊळ बांधायचं म्हणून गावकऱ्यांना म्हातारा बेहडा तोडायचा होता. त्याच बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी पिल्लांसकट स्वतःला कोंडून बसली होती.

गावकऱ्यांनी देवीच्या पाषाणाला जास्वंदीची दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले.

"आजोबा, काहीतरी करा ना!" मध पिणारी इवलीशी शिंजिरी म्हणाली.

"देवी बघून घेईल. मोठ्यांच्या कामात लुडबुड नको," घुबडआजोबा जांभई देत म्हणाले.

"हे ऐकतच मी मोठी झाले! तिकडे उजवं फूल सुटायला आलंय!"

शिंजिरी भुर्रकन खाली उतरली, डाव्या फुलात चोच खुपसली आणि जोरात हिसका दिला. फूल टपकन पडलं.

"देवी नको म्हणाली!" गावकरी कुऱ्हाडी खांद्यावर टाकून परतले.

घुबडआजोबांनी मान डोलावली. "म्हटलं नव्हतं, देवी बघून घेते?"

"घेते की," चोचीवरचे पिवळे पराग बेहड्याला पुसत शिंजिरी म्हणाली. "फक्त तिला कुणाची तरी चोच लागते."