आधी भार, मग पाना

एकदा एक गूळव्यापारी आपली नवी मोटार बुटकी करून घ्यायला निघाला. खरे तर ही हौस त्याच्या धाकट्या चिरंजीवांची. मोटार जितकी जमिनीलगत तितका तिचा मालक उंच, असा हल्ली एक समज आहे आणि तो घाटमाथ्यावरच्या त्या गावापर्यंतही येऊन पोचला होता. ज्या मुलखात दर देवळापुढे एक आणि दर शाळेपुढे दोन गतिरोधक, तिथे गाडीचे पोट रस्त्याला टेकवावे असे कुणाला का वाटावे, हे मला अजून उमगलेले नाही. पण हौसेला मोल नसते म्हणतात. माझ्या मते तिला कारणही नसते.

त्या गावात एका वृद्ध मेस्त्रीचे गॅरेज होते. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे. इंजिनाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. गाडी ज्यांच्यावर उभी राहते त्या स्प्रिंगा, धक्के सोसणारे शॉकअप आणि चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात, एवढ्यावर त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्यापाशी हणमंत नावाचा शिष्य होता. शिकायला आला तेव्हा त्याला मिसरूड फुटले नव्हते. आता तो दोन मुलींचा बाप होता आणि अण्णांइतकेच काम त्याच्या हाताला येत होते. निदान त्याला तसे वाटत होते.

अण्णा फारसे शिकवत नसत. एक वाक्य मात्र ते जपमाळेसारखे ओढत: आधी भार, मग पाना. म्हणजे गाडी लिफ्टवर टांगलेली असताना चाकांच्या हातांचे बोल्ट नुसते बोटांनी बसवायचे. गाडी खाली उतरून स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, तिच्यात वजन आले, की मगच गाडीखालच्या खड्ड्यात उतरून पान्याने आवळायचे. हणमंतने हे वाक्य इतक्या वेळा ऐकले होते की ते त्याला ऐकू येईनासे झाले होते. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तसे.

गाडी गॅरेजमध्ये सोडायला आला तेव्हा व्यापाऱ्याने हणमंतला चहाच्या निमित्ताने बाजूला घेतले. घाटाखाली व्याह्यांच्या गावी त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. ही बुटकी, चकचकीत गाडी त्या मांडवापुढे उभी राहावी, चार लोकांनी वळून पाहावे, एवढे हणमंतने करून दाखवायचे होते. तसे झाले तर महामार्गाला लागून असलेला व्यापाऱ्याचा रिकामा गाळा हणमंतला मिळणार होता, आणि वर पाटी हणमंतच्याच नावाची. अट एकच होती. गिऱ्हाईक मागेल ते करून द्यायचे; ह्या म्हाताऱ्यासारखे ऊठसूट नाही म्हणायचे नाही.

हणमंतने हो म्हटले. त्याला दोष देण्याची घाई मी करणार नाही. उभी उमर दुसऱ्याच्या पाटीखाली घालवलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची पाटी कशी दिसते, हे ज्याचे त्याला ठाऊक. फक्त ही गोष्ट त्याने अण्णांना सांगितली नाही.

अण्णांनीही नेमके याच वेळी सगळे काम त्याच्यावर सोपवले. हणमंतने आखूड स्प्रिंगा बसवल्या. चिरंजीवांच्या इच्छेनुसार चाकांवर रुंद टायर चढवले. गाडी लिफ्टवर टांगलेली, हात सहज पोचत होते, साखरपुडा दुसऱ्या दिवशीच होता. तेव्हा त्याने वरच्या वर सगळे बोल्ट पान्याने गच्च आवळून टाकले. गाडी खाली उतरवली, मोकळीच बाजारपेठेतून फिरवून आणली आणि पुसून खड्ड्यावर उभी केली. ती खरोखरच देखणी दिसत होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट जाईल एवढीच फट उरली होती.

सकाळी व्यापारी सहकुटुंब हजर झाला. पत्नी, म्हातारी आई, जरीचे पातळ नेसलेली नवरी मुलगी आणि काळा चष्मा लावलेले चिरंजीव. मागच्या डिकीत गुळाच्या ढेपा, नारळ आणि पेढ्यांचे खोके चढले. मुहूर्त जवळ आलेला, घाट उतरायचा बाकी, आणि व्यापारी हणमंतकडे पाहून समाधानाने मान हलवत होता.

तेवढ्यात अण्णा उठले. त्यांनी भिंतीवरचा पाना काढला, खड्ड्यात उतरले आणि एकेक करत हणमंतने आवळलेले सगळे बोल्ट ढिले करून टाकले.

कुणाला काही कळेना. प्रत्येक बोल्ट सुटताना कट्‌कन आवाज होई आणि तो हणमंतच्या काळजात वाजे. त्याची कानशिले तापली. म्हाताऱ्याला गाळ्याचा सुगावा लागला, आणि आता चारचौघांत माझे काम खोटे पाडून हा मला इथेच बांधून ठेवणार, असे त्याच्या मनात आले. इतक्या वर्षांत गुरूविषयी असा विचार त्याने केला नव्हता. आज केला, आणि तो त्याला खरा वाटला.

अण्णा वर आले. व्यापाऱ्याने विचारले की हा काय प्रकार. अण्णांनी सगळ्यांना गाडीत बसायला सांगितले, चिरंजीवांना स्टिअरिंगपाशी बसवले आणि पाना हणमंतपुढे धरला.

"तू खाली उतर," ते म्हणाले.

व्यापाऱ्याचा संयम सुटत चालला होता. त्याने सरळ हणमंतलाच विचारले, "हणमंता, तू सांग. गाडी तयार हाय का न्हाई?"

हणमंत पाना हातात घेऊन उभा राहिला. तयार आहे, एवढे दोन शब्द म्हटले असते तर पुढचे सगळे सुरळीत झाले असते. पण बोल्ट ढिले होते आणि ढिल्या बोल्टांवर गाडी सोडणे त्याला शक्य नव्हते. खाली जावे, झटपट आवळावे आणि ह्या म्हाताऱ्याचे तोंड पुन्हा पाहू नये, असे ठरवून तो खड्ड्यात उतरला.

वर दारे बंद झाली. एकेक माणूस बसत गेला तशी गाडी त्याच्या डोक्यावर खाली येत गेली. म्हातारी आई टेकली तशी आणखी थोडी. हणमंतने बॅटरी मारली. काल लिफ्टवर चाकांचे ते लोखंडी हात खाली लोंबत होते. आता ते वरच्या बाजूला तिरके झाले होते. स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना भिडायला आले होते. काल त्याने ज्या गाडीचे बोल्ट आवळले ती ही गाडी नव्हतीच.

वर अण्णांनी चिरंजीवांना स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगितले आणि स्वतः गाडीचे नाक दाबून हलवले. हणमंतच्या कानाशी खर्र असा आवाज झाला. त्याने बॅटरी तिकडे वळवली. रुंद टायरची कूस मडगार्डच्या आतल्या धारदार कडेवर घासत होती. अण्णांनी पुन्हा नाक दाबले. पुन्हा खर्र झाले आणि रबराचा बारीक काळा भुगा हणमंतच्या मनगटावर पडला.

पुढचा घाट त्याला डोळ्यांपुढे दिसला. वळणामागून वळण, प्रत्येक वळणावर असेच फिरलेले चाक, असाच भार आणि तीच कड. दोनचार वळणे टायर सोसेल. मग कुठे तरी, ज्या बाजूला कठडा असेल किंवा नसेल, तिथे तो फाटेल. त्याच्या डोक्यावर, एका पत्र्याच्या अंतरावर, नवऱ्या मुलीची पावले होती. त्याला पैंजण ऐकू येत होते.

आवाज बाकी कुणाच्या लक्षात आला नव्हता. आत सगळे बोलत होते. अण्णांना ऐकू आला की नाही, हे त्याला कळेना, कारण हल्ली त्यांना कमी ऐकू येई. बोल्ट आवळून तो वर गेला असता तर कुणी काही विचारलेही नसते. खड्ड्यात हणमंत एकटा होता, आणि महामार्गावरची ती पाटी त्याच्याबरोबर होती.

"झालं का न्हाई रं? मुहूर्त टळतोय," वरून व्यापाऱ्याने हाक दिली.

हणमंत वर आला.

"शेठ, ही गाडी घाट उतरणार न्हाई," तो म्हणाला. "चूक माझी हाय. म्या मोकळी गाडी बघितली, भरल्याली बघितली न्हाई."

व्यापारी दार उघडून बाहेर आला. त्याच्या तोंडून जे निघाले त्याने सगळे उघडे पडले. "न्हाई म्हणायचं न्हाई, असं ठरलं व्हतं आपलं. गाळा पाहिजे का नगं तुला?"

हणमंतची मान खाली गेली. अण्णांकडे पाहण्याची त्याची हिंमत नव्हती. पण आपले शब्द त्याने मागे घेतले नाहीत. त्याने चिरंजीवांना उतरवले, टायरच्या कुशीवर उमटलेला ताजा ओरखडा बोटाने दाखवला आणि बाजूला झाला. चिरंजीवांनी काळा चष्मा काढून तो ओरखडा पाहिला आणि आजीला हात देऊन खाली उतरवले.

अण्णांनी खिशातून आपल्या जुन्या जीपची किल्ली काढून व्यापाऱ्याच्या हाती दिली. गुळाच्या ढेपा आणि पेढे तिकडे गेले. त्या उंच, खडखडत्या जीपमध्ये चढताना म्हातारीला खाली पाट ठेवावा लागला आणि नवऱ्या मुलीला हसू आवरेना. व्यापारी मात्र हसला नाही. गाळ्याचे आता विसर, एवढेच सांगून तो निघाला. जीप घाटाच्या तोंडाशी दिसेनाशी होईपर्यंत हणमंत रस्त्यावर उभा होता.

परत आला तेव्हा अण्णा स्टुलावर बसले होते. हणमंतने विचारले की टायर घासणार हे त्यांना आधीच ठाऊक होते का.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "बोल्ट हवेत आवळल्यात, एवढंच ठावं हुतं. भरल्याल्या गाडीचं चाक फिरवून बघायची सवय हाय, म्हून फिरवलं."

मग त्यांनी फळीवरचा एक जुना बुश काढून त्याच्या तळहातावर ठेवला. चाकाच्या हाताच्या सांध्यात बोल्टाभोवती बसते ते, लोखंडाच्या नळीतले रबर, आणि ते आतून फाटलेले.

"हे बघ. गाडी टांगल्याली असती तवा तिच्यावर कसलंच ओझं नसतं. तवा पाना मारलास की रबराला वाटतं, हीच आपली जागा. मग गाडी खाली येती, माणसं बसत्यात, आणि रबर बिचारं जन्मभर पिळल्यालं ऱ्हातं. वरनं काय दिसत न्हाई. आज चालतं, उद्याबी चालतं, आणि एक दिवस आतनं फाटतं. माणसाच्या शबुदाचं तसंच हाय, बाळा. मन हवेत टांगल्यालं असताना कुठलाबी शबुद गोड लागतो. त्यो लगेच आवळू नये, बोटानं बसवून ठेवावा. भार येईस्तवर दम धरावा. भार आला की कळतं, आपली जागा कुठली ती."

हणमंत तो बुश हातात फिरवत राहिला. गुरूविषयी सकाळी मनात आलेला विचार त्याला आता टोचत होता, आणि तो बोलून दाखवण्याचे बळ त्याच्यात नव्हते.

अण्णांनी हळूच विचारले, "शेठला पक्का शबुद दिला हुतास?"

"दिला हुता, अण्णा. हवेतच आवळला हुता." हणमंतने बुश फळीवर परत ठेवला. "मगाशी खड्ड्यात त्याच्यावर भार आला. तितंच ढिला केला."

अण्णांनी मान डोलावली आणि पाना त्याच्याकडे दिला. दोघांनी गाडी पुन्हा लिफ्टवर घेतली. जुन्या स्प्रिंगा कोपऱ्यात पडल्या होत्या, त्या हणमंतने पुसून घेतल्या आणि बसवल्या. बोल्ट बोटांनी लावले. गाडी खाली उतरवली. मग तो रस्त्यावर गेला आणि पारावर बसलेल्या मंडळींना, जरा गाडीत येऊन बसता का, असे विचारू लागला.

तो गाळा पुढे दुसऱ्याच कुणाला मिळाला. हणमंतची पाटी लागली की नाही, असे मला लोक विचारतात. मी त्यांना एवढेच सांगतो, की कुणाला शब्द देण्याआधी एकदा खड्ड्यात उतरावे, आणि त्या शब्दात ज्यांना ज्यांना प्रवास करायचा आहे त्या सगळ्यांना वर बसवून पाहावे.