फलकावरची जागा

“...मग लिहू का नको, तेवढं सांगा की तात्या!”

केरबा तात्यानं तोंड फिरवलं. “मरंस्तोवर छळा मला. मॅच तुम्ही हरायची आणि तोंड मी वाजवायचं.”

रणधीर हटला नाही. चिंचबाग तालमीच्या फुटबॉल टीमचा कप्तान तो. काल फायनलला तुषारची पेनल्टी बारवरनं गेली आणि कप हातचा गेला. सकाळपर्यंत पेठभर झालं, की तुषार पलीकडच्या पेठेला विकला गेला.

आता तेच चौकातल्या काळ्या फलकावर लिहायचं होतं. फलकावर एकदा नाव चढलं, की पेठ त्या माणसाला दारात उभं करत नाही. पण साठ वर्षांत एकही मॅच न चुकवलेल्या तात्याला विचारल्याबिगर खडूला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

“पुरावा हाय काय?”

“पुरावा कशाला? तिथनं आंधळा बी गोल मारंल. तुमच्या वेळच्या खेळाडूंनी असलं कधी केलं काय?”

तात्या त्याच्याकडं वळला.

“दौलू सुतार ऐकलाईस?”

“न्हाई.”

“न्हाईच ऐकणार...” तात्यानं फलकाकडं बोट केलं. “घे खडू. लिव.”

रणधीर खूश होऊन फलकापुढं उभा राहिला.

“लिव. दौलू अनवाणी खेळायचा. अंगठा फुटलेला, चिंधी बांधून सेमीफायनलला दोन गोल.”

“अवो, पण तुषारचं...”

“लिव म्हणतोय न्हवं! चिखलात चौघांना चकवायचा, आणि गोल सोडून बॉल शेजारच्या पोराला द्यायचा. नाव त्या पोराचं व्हायचं.”

खडू करकरला.

“आई गेली त्या दिवशी मसणातनं सरळ मैदानावर आला. टाळू भादरलेली. पोरं रडत हुती, हा पळत हुता... तेबी लिव.”

रणधीरची अक्षरं बारीक होत गेली. शेवटची ओळ लाकडी चौकटीवर चढली.

“जागा संपली तात्या.”

“संपली? मग ‘विकला गेला’ कुठं लिवणार?”

रणधीर वळला. तात्या फलकाकडं बघत नव्हता.

“एकाहत्तर सालची फायनल. दौलूची पेनल्टी बाहेर गेली. मी चौथीत शाळा सोडलेला गडी... पण ते दोन शब्द झकास लिवले. हितंच. त्याच्या नावाफुडं.”

“तुम्ही?”

“दुसऱ्या दिवशी पुसलं बी. पण दौलूनं परत बॉलला पाय लावला न्हाई.”

“खरंच विकला गेलता?”

“घोट्याचं हाड चिरलं हुतं त्याचं. टीममधनं काढतील म्हणून कुणाला बोलला न्हवता.”

चौकात एक रिक्षा थांबली, गेली.

रणधीर खाली बसला. “काल मैदानातच मी तुषारला बोललो तात्या. सगळ्यांच्या म्होरं. विकला गेलास म्हणालो.”

“मग हितं काय करतोस? पळ त्याच्या घरी. त्यानं आईमाईवरनं शिवी घातली, तर नशीब समज.”

“आणि न्हाई घातली तर?”

तात्यानं काठीच्या टोकानं फरशी उकरली.

“दर दिवाळीला मी दौलूच्या दारात जायचो. तोंड उघडायच्या आत म्हणायचा, ‘ये केरबा, च्या घे.’ पोराबाळांची चौकशी करायचा. त्यो मरंस्तोवर च्या पाजला मला. एक शिवी दिली न्हाई.”

“लई मोठा माणूस.”

“मोठा?” तात्याचा आवाज फाटला. “मला माफी मागूच दिली न्हाई. त्याबद्दल त्यानं माझी माफी मागायला पायजे हुती. अजून मागितली न्हाई... दौलू सुतारानं.”