साखर पास झाल्याचे पेढे

"आता तरी किल्ली मिळेल ना, महाराज?"

माणिकबुवांनी पेढ्यांचा पुडा धुंडीमहाराजांच्या पुढ्यात ठेवला. त्यावर रक्ततपासणीचा कागद ठेवला, दोन्ही हातांनी, नैवेद्य दाखवावा तसा.

बुवा मठाचे कोठीवाले. गूळ, पेढे, बुंदीचे लाडू ज्या कोठीत, तिची किल्ली बारा वर्षं त्यांच्या कमरेला. पण हल्ली बुवा आरतीत पेंगायला लागले, तांब्यामागून तांब्या पाणी रिचवायला लागले. तेव्हा पंधरवड्यापूर्वी महाराजांनी किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, आधी रक्त तपासून ये. तेव्हापासून बुवांचा जीव थाऱ्यावर नव्हता. किल्लीवाचून आपल्याला मठात कुत्रंही विचारत नाही, असं त्यांना वाटे.

"पेढे कसले रे?"

"साखर पास झाल्याचे! उपाशीपोटी अठ्ठ्याण्णव. शंभराच्या आत म्हणजे एकदम झकास."

महाराजांनी एक पेढा उचलला, हुंगला आणि परत ठेवला.

"खालची ओळ वाच."

"ती आपली तीन महिन्यांची सरासरी. तिचं एवढं काही..."

"वाच."

"सहा पूर्णांक तीन."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"साडेसहापासून मधुमेह. पाच पूर्णांक सातपासून त्याच्या आधीची पायरी. म्हणजे मला झालेला नाहीच की! आताच सांभाळलंत तर मागं फिरता येईल, असंही म्हणाले." हे शेवटचं बुवांनी घाईघाईने उरकलं.

"तपासणीआधी काय खात होतास?"

बुवांची छाती फुगली. "आठ दिवस नुसती भाकरी आणि मेथी. गोडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

"आणि त्याच्या आधी?"

बुवा छताकडे पाहू लागले. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"पण महाराज, रक्त एकाच हातातलं, एकाच सकाळी काढलेलं. मग वरची ओळ खरी की खालची?"

"दोन्ही."

"दोन्ही कशा खऱ्या असतील?" बुवा अगदी रडकुंडीला आले.

महाराजांनी किल्ली आपल्याच कमरेला खोचली.

"वरची पाहुणी होती, माणिका. आठ दिवस आधी कळवून आली. खालची तीन महिने तुझ्याबरोबर कोठीतच राहत होती."