कुरलूच्या आठ चपला

समुद्राकाठी, माडांच्या सावलीत, एक होता खेकडा. एवढासा. तुमच्या मुठीत मावेल एवढा. त्याचं नाव कुरलू.

कुरलूला पाय आठ. मग चपला किती? आठच.

चपला केल्या शालनमावशीनं. मावशी पापड करणारी. तिनं तांदळाच्या पिठाची चिकट खळ शिजवली, ताटात पसरली, उन्हात वाळवली. कडक, अगदी कडक. मग चपला कापल्या आणि कुरलूच्या पायांत घातल्या.

कुरलू निघाला घरी. घर पलीकडे, पाण्याजवळ. तिथं आई वाट बघत होती. मधे नुसती वाळू. सकाळी ती गार होती. आता तव्यासारखी तापली होती.

तिरपा तिरपा, तुरुतुरु. पहिलं पाऊल टाकलं. कट्. दुसरं टाकलं. कट्. मग कट् कट् कट् कट् कट् कट्. आठही चपला मोडल्या. पाय भाजले, चुर्र.

कुरलू हबकला. खेकड्याचे डोळे आधीच बाहेर. ते आणखी बाहेर आले. टुणकन उडी मारून तो सावलीत परतला. आता घरी जायचं कसं? आणि इथं बसायचं तरी कसं? खेकड्याचं अंग ओलं राहावं लागतं, बाळांनो. ते वाळलं तर फार वाईट.

तिरपा तिरपा, तुरुतुरु. कुरलू गेला मावशीकडे.

"मावशी, मावशी, चपला कर.
वाळू भाजते पाय,
आई राहिली पलीकडे."

मावशीनं तुकडे पाहिले. कपाळाला हात लावला.

"अगो बाई, मी चपला पापडासारख्याच केल्या. खळीत ग्लिसरीन घालायचं राहिलं. ते घातलं की खळ मऊ राहते. वाकते, पण मोडत नाही. गफूरचाचांकडून ग्लिसरीन आण. मग करते."

कुरलू थक्क झाला. म्हणजे मी पापड घालून निघालो होतो?

तिरपा तिरपा, तुरुतुरु. कुरलू गेला साबण करणाऱ्या गफूरचाचांकडे.

"चाचा, चाचा, ग्लिसरीन द्या.
मावशी करीना चपला,
वाळू भाजते पाय,
आई राहिली पलीकडे."

चाचा म्हणाले, "बेटा, तेलाचा साबण करताना ग्लिसरीन निघतं. पण माझा तेलाचा डबा रिकामा. बैलाला सांग, घाणा फिरव. तेल आलं की देतो."

कुरलूचे डोळे आणखी बाहेर आले. साबणातून चप्पल?

तिरपा तिरपा, तुरुतुरु. कुरलू गेला ढवळ्या बैलाकडे.

"ढवळ्या, ढवळ्या, घाणा फिरव.
चाचा देईनात ग्लिसरीन,
मावशी करीना चपला,
वाळू भाजते पाय,
आई राहिली पलीकडे."

ढवळ्यानं शेपूट उडवली. "घाण्यात खोबरं कुठाय? रिकामा घाणा मी फिरवत नाही. माडाकडून नारळ आण. मग फिरवतो."

तिरपा तिरपा, तुरुतुरु. कुरलू गेला माडाकडे. मान वर केली, वर केली, आणि उताणाच पडला. केवढा उंच हा माड. पडल्या पडल्याच म्हणाला,

"माडा, माडा, नारळ दे.
ढवळ्या फिरवीना घाणा,
चाचा देईनात ग्लिसरीन,
मावशी करीना चपला,
वाळू भाजते पाय,
आई राहिली पलीकडे."

माड सळसळला. "माझी मुळं तहानली. पाटाला पाणी सोडायला सांग. मग टाकतो नारळ."

तिरपा तिरपा, तुरु... तुरु... कुरलूचं अंग वाळत चाललं होतं. पाय जड झाले. तरी तो गेला पाटाकडे. पाट म्हणजे बागेत पाणी नेणारी छोटीशी वाट.

"पाटा, पाटा, पाणी सोड.
माड देईना नारळ,
ढवळ्या फिरवीना घाणा,
चाचा देईनात ग्लिसरीन,
मावशी करीना चपला,
वाळू भाजते पाय,
आई राहिली पलीकडे."

पाट बोलेचना. नुसतं गुर्र गुर्र, गुर्र गुर्र.

कुरलूनं वाकून पाहिलं. आणि पुन्हा हबकला. पाटाच्या घशात प्लास्टिकची पिशवी. भली मोठी, निळी. किती दिवसांची कोण जाणे. कुजली नव्हती. विरघळली नव्हती. तशीच बसली होती.

आता कुणाला बोलवायचं? कुणालाच नाही. कुरलूला नांग्या होत्या ना दोन.

कच् कच् कच्. पिशवी कापली. ओढ ओढ ओढली. एकूण एक तुकडा बाहेर काढला.

खळखळ खळखळ. पाटाला पाणी आलं. कुरलूच्या अंगावरूनच गेलं. काय बरं वाटलं त्याला.

पाटानं दिलं पाणी. माड प्यायला गटगट. माडानं टाकला नारळ, चांगला वाळलेला. धप्प. ढवळ्यानं फिरवला घाणा. कर्र कर्र, कर्र कर्र. तेल आलं टिप् टिप्. चाचांनी शिजवला साबण. खदखद खदखद. साबण ठेवला इकडे, ग्लिसरीन काढलं तिकडे. घट्ट घट्ट, चिकट चिकट. मावशीनं ते खळीत घातलं, ढवळलं, पसरलं, वाळवलं आणि कापल्या आठ चपला.

कुरलूनं एक चप्पल वाकवून पाहिली. कट् झालं नाही. दुसरी वाकवली. कट् झालं नाही.

तिरपा तिरपा, तुरुतुरु. कुरलू वाळूवरून निघाला. पाय भाजले नाहीत. एकही चप्पल मोडली नाही. पोचलाच की तो पाण्यापाशी.

एवढ्यात लाट आली. सपक्. चपला झाल्या मऊ. मऊच्या लिबलिबीत. लिबलिबीतच्या तुकडे तुकडे. मासे आले आणि मटामटा खाऊन गेले.

कुरलू बघतच राहिला. त्याला रडूच आलं. "आई, माझ्या चपला."

आई धावत आली. तिरपी तिरपी, तुरुतुरु. "जाऊ देत रे. खळच ती, पाण्यात विरघळायचीच. तू आला नाहीस म्हणून माझा जीव घाबरा झाला होता." आणि तिनं कुरलूला पोटाशी घेतलं.

कुरलू गेला आईपाशी, तुम्ही या माझ्यापाशी.