कातळावरचं रान

“म्हणजे या रानाला माणसाचा हात कधी लागलाच नाही. बरोबर ना, बाबा?”

निरंजन परचुरेंनी विचारलं खरं, पण उत्तर ते घरूनच लिहून आले होते. वनखात्याच्या या तरुण साहेबांनी मातीवर मोठी पदवी घेतली होती. माती मात्र बहुतेक बाटलीतच पाहिली होती. डोंगरमाथ्यावरच्या भागोबा झोरे या म्हाताऱ्या गवळी धनगराला ते तीन वर्षं गुरू म्हणत होते. झाडं ओळखायला त्यांना भागोबांनीच शिकवलं होतं.

आता पिशवीत भागोबांच्याच वाडीचा कागद होता. म्हशी रान वाढू देत नाहीत, म्हणून अकरा घरं खाली हलवायची. राहिली होती ती फक्त साहेबांची सही. गुरूनं या प्रश्नाला एकदा हो म्हटलं असतं, तर मनाला टोचलं नसतं.

भागोबा काठी टेकत चालू लागले.

माथा म्हणजे नुसता कातळ. करवंदीची जाळीसुद्धा गुडघ्याच्या वर जात नव्हती. साहेबांनी लावलेल्या रोपांनी तर केव्हाच माना टाकल्या होत्या. आणि मधेच ते एक रान... जांभूळ, हिरडा, आभाळ दिसू नये इतकं दाट.

कडेला भागोबा थांबले.

“पायतान काढा, सायेब.”

“देवराई आहे?” बूट सोडत निरंजन हळूच म्हणाले.

“न्हाई. घर हाय. ह्यो उंबरा.”

पाचोळ्याखाली खरंच एक झिजलेला लांबट दगड होता.

“कुणाचं घर?”

“माज्या पणज्याचं. म्हशी आता ती जांभळ हाय, थितं बांधायचे.”

निरंजन जांभळीखाली बसले आणि हातानंच उकरू लागले. बोटं गेली, मनगट गेलं, कोपर गेलं... काळी, मऊ माती संपेचना. मग बोटांना चुलीचा दगड लागला. जांभळीच्या मुळीनं त्याला मिठी मारली होती.

या कातळावर वीतभरही माती नाही, हे त्यांनी स्वतः मोजलं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि मान दुखेपर्यंत पाहतच राहिले. शेण, चुलीची राख, गुरांखाली अंथरलेला पाला... आणि त्यावर उभं राहिलेलं हे एवढं! त्यांच्या अंगावर काटा आला. तीन वर्षं आपण नुसती नावं पाठ केली, याची लाजही वाटली.

“मग सोडून का गेलात?”

“दोन पिढ्या बसलो. मंग चाऱ्यामागं उटलो. रीतच हाय ती. आमी उटलो, का झाडं येत्यात.”

निरंजननी पिशवीतून वाडी हलवायचा कागद काढला.

“बाबा... मी या कागदावर काय लिहू?”

भागोबांनी बाहेरच्या उघड्या, तापलेल्या कातळाकडे काठी केली.

“हलवायचंच आसंल, तर आमाला थितं बसवा, सायेब. तुमच्या नातवंडांस्नी रान घावंल.”