पेटीवरचं नाव

"दोन पत्रं पाठवली म्हणतात. मग ती गेली कुठे, मावशी?"

अभिराम गुळवणी बसायला तयार नव्हता. खिडकीपाशी जाई, परत येई, खिशातून फोन काढून बघे, पुन्हा ठेवी.

सुलभामावशी काळोखे फरसबीच्या शिरा काढत होत्या. मूळच्या मिरजेच्या. जर्मनीत ब्रेमेनला आल्या आणि इथल्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांची चाळीस वर्षं गेली. शहरात नवा मराठी माणूस उतरला की कुणी ना कुणी त्याला त्यांच्याकडे धाडतं. हा पठ्ठ्या मात्र आठ महिन्यांनी उगवला. तोवर म्हणे त्याला कुणाला काही विचारायची गरजच पडली नव्हती.

आता पडली होती. बायको ऋजुता आणि तीन वर्षांची इरा सांगलीत अडकल्या होत्या. त्यांच्या व्हिसासाठी इथल्या कचेरीला त्याच्या भाडेकराराची प्रत हवी होती. कचेरीने तसं दोनदा लिहिलं, याच्याकडून उत्तर नाही. तिसरं आणि शेवटचं पत्र सोमवारी निघणार होतं. त्यालाही उत्तर गेलं नाही तर अर्ज बंद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. कचेरीतल्या बाईने सकाळी हे त्याला शांतपणे सांगितलं, आणि तो तिथून तडक इथे आला होता.

तुझं कुठे काही राहिलं नाही ना, असं मावशींनी विचारलं.

झालं. त्याने बॅगेतून वहीच काढली.

वही चांगली जाडजूड होती. कुठल्या रंगाच्या डब्यात कुठला कचरा, ट्रामचं तिकीट कुठे काढायचं, रविवारी भिंतीत खिळा का ठोकायचा नाही, सगळं टिपलेलं. नव्या पोरांना तो तिच्या झेरॉक्स वाटायचा. एवढं नियमाने राहूनही या शहराने आपल्याशी असं वागावं, याचा त्याला मनापासून संताप आला होता.

"पत्रांचं काय लिहिलंयस?" मावशींनी विचारलं.

त्याने सातवं पान उघडलं आणि घडाघडा वाचलं. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन पत्रांच्या पेटीवरचं नाव वाचतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. म्हणून राहायला गेल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावावं.

"अक्षर छान आहे. तुझ्या पेटीवर कुणाचं नाव आहे?"

अभिरामच्या येरझारा थांबल्या.

"श्रोडर."

"हा कोण?"

"आधीचा भाडेकरू."

मावशींनी पुढची शेंग उचलली. दोन-तीन शेंगा मोडून झाल्या. मग त्यालाच बोलावं लागलं.

त्याने सांगलीहून पितळेची पाटी करून आणली होती. तिघांची नावं, कडेने वेलबुट्टी. ऋजुताच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ती अजून घरी प्रवासाच्या बॅगेतच होती. ती आली की तिच्या हाताने लावायची, असं त्याने विमानतळावर तिला कबूल केलं होतं. तोवर कुठलंच नाव लावायचं नाही. त्या दोघींशिवाय ते घर नव्हतंच, नुसती झोपायची खोली होती. बाकीचं टपाल ऑफिसच्या पत्त्यावर यायचं, त्यामुळे आजवर काही अडलं नव्हतं.

मग तो चिडला. स्वतःवर चिडायला हवं होतं, पण ते इतक्या लवकर कुणाला जमतं? तो म्हणाला, साधं एक नाव नाही म्हणून एवढं मोठं सरकार दोनदा माघारी फिरतं, ही काय पद्धत झाली?

मावशींनी पदराला हात पुसले. कपाटाच्या खणातून इस्पितळातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. चष्मा लावला आणि पट्टीवर ठसठशीत रोमन अक्षरांत लिहिलं, गुळवणी. पुन्हा एकदा लिहिलं. दोन तुकडे कापले.

"हे?" अभिराम म्हणाला. "जखमेला लावायची पट्टी? मावशी, तिथे आमची पितळी पाटी लागायची आहे. ऋजुताला मी शब्द दिलाय."

"हात पुढे कर."

त्याने केला. मावशींनी एक तुकडा त्याच्या मनगटावर चिकटवला आणि अंगठ्याने कडा नीट दाबल्या. सवयीचा हात होता.

"वॉर्डात माझं हेच काम होतं," मावशी म्हणाल्या. "बारसं लोक आपापल्या हौसेने मागाहून करायचे. पण मनगटाला आडनावाची पट्टी बांधल्याशिवाय बाळ आईच्या कुशीत द्यायची मला परवानगी नव्हती."