पिवळ्या कड्यातलं हिरवं

"म्हणजे गुन्हेगार सापडला म्हणतोस?" स्वामींनी विचारलं.

"सापडला, सर."

डॉ. अच्युत खांबेटे मठाच्या पायरीवर बसले होते. स्वामी पूर्वाश्रमी कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकवत. भगव्या वस्त्रांतही अच्युतरावांना ते 'सर'च वाटत.

"आर्जिनिन!" अच्युतराव म्हणाले. "घेवड्यावरचा तो जंतू या अमिनो आम्लापासूनच विष तयार करतो. आता आर्जिनिन कमी असलेलं वाण काढायचं. जंतूची चूलच पेटणार नाही."

"आणि शाल्मली काय म्हणते?"



शाल्मली अच्युतरावांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. भर बैठकीत तिनं या बेताला विरोध केला, आणि त्यांनी तिला प्रयोगशाळेतून काढलं. तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"उद्या सामान न्यायला येतेय," ते पुटपुटले. "मी केलं ते बरोबर, एवढं तुम्ही म्हणा. मला पुरे."

"माझी सही हवी होय रे?" स्वामी हसले आणि उठले. कुंपणावरच्या घेवड्याचं एक पान, न तोडता, त्यांनी उन्हासमोर धरलं.

"बघ."

मधोमध तपकिरी डाग, भोवती पिवळं कडं. विषाची ओळखीची खूण. पण त्या कड्यात एके ठिकाणी... हिरवं. ताजं, लुसलुशीत हिरवं.

अच्युतरावांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"विष उतरलं? कुठलं औषध घातलंत?"

"तुझा गुन्हेगार. शाल्मली आली होती. जाताना या पानावर एक थेंब ठेवून गेली."

"आर्जिनिन?..."

हे विष पानाला स्वतःचं आर्जिनिन बनवू देत नाही, म्हणून पान उपाशी पडून पिवळं होतं. वर्षानुवर्षं अच्युतराव हे वर्गात सांगत आले होते. आणि नेमकं तेच आर्जिनिन पानाच्या तोंडातून काढून घ्यायला निघाले होते!

बराच वेळ ते त्या हिरव्या ठिपक्याकडे, देवाकडे बघावं तसे बघत राहिले.

"सर," ते म्हणाले, "अन्न एकच. पान त्याचं हिरवेपण करतं, जंतू त्याचंच विष करतो... हे होतं तरी कसं?"

स्वामींनी पान अलगद सोडलं.

"विद्याही एकच. तुला शिकवल्यापासून मीही हेच विचारतोय, अच्युत."